जाहिरातीतली लेक

छापील जाहिरातीला वाचकाचे क्षणभरच लक्ष मिळते. तेवढ्यात सांगायचे ते पोचवायचे तर ओळखीच्या चित्रांचाच आधार घ्यावा लागतो. डोक्यावर पदर दिसला की आई, फेटा दिसला की शेतकरी, दोन वेण्या आणि दप्तर दिसले की शाळकरी मुलगी. हे साचे वाचकाच्या मनात आधीपासून असतात. जाहिरात ते उचलते, वापरते आणि वापरता वापरता आणखी घट्ट करते. बाई आणि पुरुष यांच्याबद्दलचे असे साचे दाखवायचे झाले की सहसा साबणाच्या किंवा गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती समोर ठेवल्या जातात. बीड जिल्ह्यात याहून बोलके उदाहरण सापडते, आणि ते मुलगी वाचवायला निघालेल्या जाहिरातींचे आहे.

2001च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या. 2011मध्ये हा आकडा 807वर आला, राज्यातला सर्वांत कमी. 22 जानेवारी 2015 रोजी पानिपत येथे ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या 100 जिल्ह्यांत बीडचा समावेश होता. त्याच्या कितीतरी आधीपासून प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर, एसटी स्टँडवर आणि वर्तमानपत्रांत एक घोषणा महाराष्ट्रभर फिरत होती: ‘आई हवी, बहीण हवी, बायको हवी, मग मुलगी का नको?’

ही ओळ नीट ऐकली तर पहिला प्रश्न पडतो, बोलतो आहे कोण? ‘बायको हवी’ असे म्हणणारा पुरुषच. म्हणजे जाहिरातीने आपला वाचक पुरुष धरला आहे. सोनोग्राफीच्या टेबलावर झोपणारी, सासरच्यांचा दबाव सोसणारी बाई या संभाषणात नाही. दुसरे असे की मुलीची बाजू मांडायला आधी तीन नाती साक्षीला उभी करावी लागली. आई जेवायला वाढते, बहीण राखी बांधते, बायको संसार करते. अशा उपयोगाच्या माणसांचा पुरवठा चालू राहावा म्हणून मुलगी हवी. मुलगी म्हणून ती का हवी, याला ओळीत जागाच नाही.

चित्रेही तेच सांगतात. राखीविना रिकामे मनगट हे त्यातले आवडते चित्र. मनगट भावाचे, हानीही भावाची. दुसरे नेहमीचे चित्र म्हणजे दोन तळहातांच्या ओंजळीत निजलेला गर्भ. दिसायला हळवे आहे, पण त्यातून आईच नाहीशी झाली आहे. गर्भ कुणाच्या पोटात नाही, अधांतरी आहे, आणि तो तोलून धरणारे हात डॉक्टरचे, सरकारचे की देवाचे, ते कळत नाही. जिच्या शरीरावर सगळे घडते तिला चौकटीबाहेर ठेवून केलेली ही जनजागृती आहे.

‘मुली नसतील तर मुलांना बायका कुठून आणणार?’ हा पुढचा युक्तिवाद तर सरळ नफा-तोट्याचा. या हिशेबाचे मूळ उलट्या बाजूच्या जाहिरातींत आहे. 1980च्या दशकात गर्भजल तपासणी करणारे दवाखाने उघड जाहिरात करत: आता काही शे रुपये खर्च करा, पुढचे हजारो-लाखो वाचवा. हुंडा हा शब्द न उच्चारता तो प्रत्येकाला ऐकू येत असे. स्त्री संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी लढा दिल्यावर महाराष्ट्राने 1988मध्ये देशातला पहिला लिंगनिदान प्रतिबंधक कायदा केला, 1994मध्ये केंद्राचा आला. त्याच्या कलम 22नुसार लिंगनिदानाची जाहिरात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातीच्या व्याख्येत होर्डिंग आणि भिंतीवरच्या रंगकामापासून धूर आणि वायूपर्यंत सगळे घातले आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी आभाळसुद्धा मोकळे सोडले नाही. ती जाहिरात गेली. मुलगी परवडते की नाही हा हिशेब मात्र तिला वाचवणाऱ्या जाहिरातीत येऊन बसला.

लोकांना समजेल त्याच भाषेत बोलावे लागते, हे जाहिरात करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. अलीकडच्या जाहिरातींतली मुलगी बदललीही आहे. ती वैमानिकाच्या, पोलिसाच्या गणवेशात दिसते, गळ्यात स्टेथोस्कोप असतो. पण इथेही एक अट लपलेली आहे. जन्माला येण्यासाठी कलेक्टर होऊन दाखवण्याची अट मुलाला कुठल्याही जाहिरातीत घातलेली नसते.

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी 1979च्या ‘जेंडर अ‍ॅडव्हर्टाइझमेंट्स’ या पुस्तकात शेकडो छापील जाहिरातींची चित्रे मांडून काही खुणा दाखवल्या. ज्याचा मान मोठा त्याची आकृती मोठी. पुरुषाचा हात वस्तू घट्ट धरतो, बाईची बोटे नुसती स्पर्श करतात. दोघे मिळून काम करत असतील तर सूत्रे पुरुषाकडे. बियाणे-खतांच्या जाहिरातींवर किंवा कृषी सेवा केंद्रातून मिळणाऱ्या कॅलेंडरवर या खुणा ताडून पाहता येतात. कपाशीचे भरलेले झाड मुठीत धरून कॅमेऱ्याकडे बघणारा शेतकरी पुढे. बाई असलीच तर मागे, बांधावर, न्याहारी घेऊन आलेली. प्रत्यक्षात खुरपणी आणि कापूस वेचणी ही बहुतेक बायकांचीच कामे. बीडमधून लाखो मजूर ऊसतोडीला जातात तेव्हा नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. निम्मे काम तिचे, पण मुकादमाकडून उचल घेताना व्यवहार बहुधा नवऱ्याशी होतो. जाहिरातीतले चित्र या व्यवहाराला साजेसे आहे, शिवाराला नाही.

कायद्याचा हात इथपर्यंत पोचत नाही. 1986चा कायदा स्त्रियांच्या असभ्य चित्रणापुरता आहे, आणि न्याहारी नेणाऱ्या बाईच्या चित्रात असभ्य काहीच नाही. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमनासाठी 1985मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने जून 2022मध्ये साचेबंद चित्रणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. घर झाडणारी बाई दाखवायला त्यांची हरकत नाही, पण ते काम फक्त बाईचेच आहे असे सुचवता येत नाही.

सरकारी जाहिरातींना गॉफमन यांची आकाराची कसोटी लावली तर वेगळीच गंमत दिसते. नेत्यांच्या छायाचित्रांवर सर्वोच्च न्यायालयाने 2015मध्ये बंधने घातली आणि 2016मध्ये ती सैल करून मुख्यमंत्री व मंत्र्यांनाही मुभा दिली. त्यामुळे मुलीसाठी काढलेल्या जाहिरातीतही तिच्यापेक्षा मोठे चेहरे दिसू शकतात. डिसेंबर 2021मध्ये खासदार हीना गावित यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने ‘बेटी बचाओ’चा खर्च तपासला. 2016 ते 2019 या काळात दिलेल्या 446.72 कोटी रुपयांपैकी 78.91 टक्के रक्कम प्रसिद्धीवर गेली होती. यापुढे मुलींच्या शिक्षणावर आणि आरोग्यावर ठरवून खर्च करावा, अशी शिफारस समितीने केली.