लाकडी पाती की कार्बनची? मॉडेल हेलिकॉप्टरच्या पात्यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रेडिओ कंट्रोलवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरसाठी पाती घ्यायची म्हटली की प्रश्न ठरलेला असतो: लाकडी की कार्बनची? उत्तरही ठरलेले असते: परवडत असेल तर कार्बन, नाहीतर लाकूड. या उत्तरात लाकूड म्हणजे नाइलाज, असे धरून चाललेले असते. प्रत्यक्षात पाती नीट चालतील की नाही, हे आधी तीन गोष्टींवर ठरते: पात्यातले वजन नेमके कुठे आहे, जोडीतली दोन पाती एकमेकांशी किती जुळतात आणि ती किती वेगाने फिरवायची आहेत. साहित्य कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा. ही गोष्ट उलगडण्यासाठी नवशिक्यांच्या हाती वर्षानुवर्षे असलेले एक माप घेऊ: ‘३० क्लास’चे, साधारण तीन किलोचे, ५५० मिलिमीटर लांबीची दोन पाती असलेले हेलिकॉप्टर.

गैरसमज: लाकूड हे मागासलेले, कामचलाऊ साहित्य आहे

मार्च १९४६मध्ये नागरी वापराचा परवाना मिळवणारे जगातले पहिले हेलिकॉप्टर म्हणजे बेल ४७. त्याची सुरुवातीची मुख्य पाती लाकडाचे थर चिकटवून केलेली होती आणि ती माणसे घेऊन उडत होती. अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रातल्या प्रचंड पवनबोगद्यात हवा ढकलणारे सहा पंखे प्रत्येकी सुमारे १२ मीटर व्यासाचे आहेत आणि त्यांचीही पाती थरांच्या लाकडाची आहेत. वारंवार वाकण्याचा ताण सोसण्यात लाकूड तरबेज असते, हे त्यामागचे कारण. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी १९७०च्या सुमारास रेडिओ हेलिकॉप्टर व्यवहारात उडवून दाखवले, त्यानंतर बराच काळ मॉडेलच्या दुनियेत लाकडी पाती हीच नेहमीची पाती होती. मोठ्या हेलिकॉप्टरांनी पुढे लाकूड सोडले हे खरे. पण लाकूड ताकदीत कमी पडले म्हणून नव्हे. झाडागणिक बदलणारी घनता आणि ओलावा शोषण्याची खोड यांमुळे एकसारखी पाती मोठ्या संख्येने बनवणे आणि टिकवणे अवघड जात होते. ही अडचण मॉडेलच्या पात्यालाही चुकलेली नाही.

गैरसमज: लाकडी पाते म्हणजे आकार देऊन तासलेली एक पट्टी

एकाच लाकडातून सबंध पाते तासले तर ते दिसायला हुबेहूब होईल, पण उडवण्याच्या लायकीचे नसेल. पात्यावर निर्माण होणारा उचल-जोर सर्वसाधारणपणे पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव अंतरावर लागतो. ५० मिलिमीटर रुंदीच्या पात्यात ही जागा पुढच्या कडेपासून साडेबारा मिलिमीटरवर येते. एकजिनसी लाकडाचा गुरुत्वमध्य मात्र तिच्या बराच मागे, रुंदीच्या चाळीस टक्क्यांच्याही पलीकडे पडतो. वजन असे मागे राहिले की पाते वर उचलले जाताना त्याला पीळ बसतो, पिळामुळे उचल वाढते, वाढलेली उचल पीळ आणखी वाढवते, आणि ठरावीक वेगापुढे पाते फडफडू लागते. हेच फ्लटर. म्हणून चांगल्या लाकडी पात्याचा पुढचा भाग बीचसारख्या जड, कठीण लाकडाचा असतो आणि मागचा बाल्साचा. बीचचा एक घनमीटर सुमारे ७०० किलो भरतो, तर बाल्साचा साधारण १०० ते २००. त्यात भर म्हणून पुढच्या कडेलगत, टोकाच्या बाजूला, शिशाचा तुकडा खाच पाडून आत बसवलेला असतो. मुळाशी, जिथून बोल्ट जातो, तिथे प्लायवूडची किंवा प्लॅस्टिकची जोड चिकटवलेली असते आणि वरून प्लॅस्टिकचे आवरण ताणून बसवलेले असते. विकत घेताना हे शिसे आहे का आणि ते पक्के बसवले आहे का, ही पहिली विचारणा हवी. शिसे घरी बसवण्याचा प्रयोग करू नये. फिरत्या पात्यातून सुटलेला तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा जातो.

गैरसमज: एका पाकिटातली जोडी जुळलेलीच असते

बाल्साची घनता एका फळीपासून दुसऱ्या फळीपर्यंत दुपटीने बदलू शकते, त्यामुळे पाकीट एक असल्याने जोडी जुळतेच असे नाही. फरकाची किंमत आकड्यांत पाहिली की मुद्दा पटतो. रोटर मिनिटाला १७०० फेरे घेत असताना आपल्या हेलिकॉप्टरच्या पात्याचे टोक ताशी सुमारे ४०० किलोमीटर वेगाने जाते. १०० ग्रॅमचे पाते बोल्टला शंभर किलोहून अधिक जोराने बाहेर ओढते. एका पात्याच्या टोकाशी फक्त एक ग्रॅम जास्त असेल तर रोटरच्या दांड्याला सुमारे दोन किलोचा हिसका बसतो, आणि तोही सेकंदाला २८ वेळा. थरथर, सैल होणारे स्क्रू, बिथरणारा जायरो या तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथे असते.

नेहमीची तपासणी अशी: दोन्ही पाती मुळाच्या भोकांतून एकाच बोल्टवर समोरासमोर जोडायची, तराजूसारखी टेकवायची आणि जे पाते वर राहील त्याच्या टोकाला चिकटपट्टी लावायची. यात एक फट राहते. तराजू टेकतो बोल्टवर. उडताना मात्र पाती बोल्टभोवती फिरत नाहीत, दांड्याभोवती फिरतात, आणि बोल्ट दांड्यापासून साधारण सात सेंटिमीटर लांब असतो. म्हणजे एक पाते चार ग्रॅमने जड, पण त्याचा गुरुत्वमध्य तेवढाच आत असेल, तर तराजू सपाट दाखवेल आणि हवेत तरीही जवळपास एक किलोचा हिसका उरेल. यावर उपाय सोपा आहे. आधी प्रत्येक पाते एका धारदार कडेवर लांबीत तोलून गुरुत्वमध्याची खूण करायची. खुणा जुळत नसतील तर टोकाला किंवा मुळाला पट्टी लावून त्या जुळवायच्या. मग वजन करून हलक्या पात्याला उरलेली पट्टी बरोबर खुणेवर लावायची. तराजू शेवटी, खातरजमेसाठी.

गैरसमज: बॅलन्स झाला की ट्रॅकिंग आपोआप होते

बॅलन्स हा वजनाचा मामला आहे, ट्रॅकिंग कोनाचा. दोन पात्यांच्या पिचमध्ये, म्हणजे बसवलेल्या कोनात, किंवा पिळात थोडाही फरक असेल तर एक वरून आणि दुसरे खालून फिरते, मग वजने कितीही काटेकोर जुळलेली असोत. एका टोकाला रंगीत पट्टी लावली की कोणते पाते वर आहे हे फिरताना कळते आणि त्याच्या पिच लिंकची लांबी बदलून दोन्ही एका पातळीत आणता येतात. हे निरीक्षण सुरक्षित अंतरावरूनच करावे. लाकडाच्या बाबतीत एक जास्तीची काळजी लागते. आवरण फाटले की ओलावा आत शिरतो, पात्याला पीळ बसतो आणि काल जुळलेले ट्रॅकिंग आज हलते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर कपाटात राहिलेली पाती म्हणूनच पुन्हा तोलून, पुन्हा ट्रॅक करूनच उडवावीत.

गैरसमज: पाते जितके हलके आणि अभंग तितके चांगले

हलके पाते चपळ वाटते, पण इंजिन बंद पडल्यावर हेलिकॉप्टर सुखरूप उतरवायचे असते ते फिरत्या पात्यांत साठलेल्या ऊर्जेवर. अशा उतरण्यात, म्हणजे ऑटोरोटेशनमध्ये, शेवटच्या क्षणी पिच वाढवून उतरण्याचा वेग मोडायचा, तर टोकाकडे पुरेसे वजन हवे. फार हलकी पाती तिथे दगा देतात. तुटण्याचेही तसेच. जमिनीला किंवा शेपटीच्या दांडीला पाते आदळले की धक्क्याची ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. लाकडी पाते स्वतः मोडून तिचा बराच भाग पचवते. ताठ कार्बन पाते तो रोटर हेड आणि गिअरकडे पाठवते. लाकडी पाती लावल्यावर दांडा वाकतच नाही असे नव्हे, पण शिकाऊ उमेदवाराच्या खर्चात फरक पडतो. मात्र मोडलेले पाते चिकटवून वापरणे हा निव्वळ वेडेपणा. मुळाशी केसाएवढी भेग दिसली तरी ते पाते बाद.

मग थेट कार्बनच का घेऊ नये?

हा आक्षेप रास्त आहे. कारखान्यात साच्यातून निघणारी फायबर ग्लासची आणि कार्बनची पाती एकमेकांशी बरीच जुळलेली असतात, ओलाव्याने वाकत नाहीत, आणि त्यांच्या किमतीही पूर्वीइतक्या चढ्या राहिलेल्या नाहीत. शिवाय फेरे १७०० वरून २४०० वर नेले की बोल्टवरची ओढ जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उलटसुलट कसरतींसाठी लागणाऱ्या या वेगाला लाकडी पाती लावू नयेत. तिथे कार्बनला पर्याय नाही. पण हा निष्कर्ष वेगातून निघतो, साहित्याच्या प्रतिष्ठेतून नाही. संथ हेड स्पीडवर, म्हणजे रोटरच्या कमी फेऱ्यांवर, हॉवर (एका जागी तरंगणे) आणि साधी उड्डाणे शिकणाऱ्याला कार्बनचा जास्तीचा ताठपणा वापरायलाच मिळत नाही, आणि पहिल्या आदळण्यात तोच ताठपणा महागात पडतो. आणखी एक: महागड्या जोडीलाही तोलण्यातून सूट नाही. म्हणून दुकानात पाती निवडताना निर्मात्याने किती फेऱ्यांची मर्यादा दिली आहे, शिसे कसे बसवले आहे, मुळाची जोड घट्ट आहे का आणि आवरण अखंड आहे का, हे पाहावे. या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील आणि उडवायचा वेग त्या मर्यादेत असेल, तर लाकडी जोडी निर्धास्त घ्यावी. उत्तरे मिळत नसतील तर कार्बनची जोडीही परत ठेवावी.