तयार तक्ते आणि रिकामे रकाने

पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक दृश्य दरवर्षी नजरेस पडते. मागणीच्या नियमावरील प्रश्नाला विद्यार्थ्याने सुबक आकृती काढलेली असते. वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, तसा तो उतरावयासच हवा. पण दोन्ही अक्षांना नावे नसतात. किंमत कोठे मोजली आणि मागणी कोठे, याचा पत्ता लागत नाही. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली दोन रकान्यांचा नीटनेटका तक्ता असतो. मात्र सूक्ष्म अर्थशास्त्राचे मुद्दे स्थूल अर्थशास्त्राच्या रकान्यात जाऊन बसलेले असतात. आकृती पाठ झाली, तक्ताही पाठ झाला. ज्या विचारासाठी ही साधने जन्माला आली तो विचार तेवढा राहून गेला.

वस्तुतः अर्थशास्त्राच्या इतिहासात तक्ता हे विचार करण्याचेच साधन होते. पंधराव्या लुईच्या दरबारातील वैद्य फ्रान्स्वा केने याने १७५८ साली आपला ‘आर्थिक तक्ता’ मांडला, तेव्हा शेतीतील उत्पन्न समाजाच्या निरनिराळ्या वर्गांतून कसे फिरते हे त्याला स्वतःलाच रेषा ओढून पाहावयाचे होते. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख प्रसिद्ध केले. स्कॉटलंडच्या बाबतीत त्याच्याजवळ एकाच वर्षाचे आकडे होते, काळाची रेषा ओढणे शक्य नव्हते. म्हणून त्याने स्तंभ उभे केले. साधन गरजेतून निघाले ते असे.

आपल्याकडील उदाहरण तर अधिक बोलके आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात एकेकाळी गणित शिकविणाऱ्या दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. प्रांतोप्रांतीच्या पिकांचे क्षेत्र, उतारा आणि भाव यांची कोष्टके मांडून त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये येते असे दाखविले आणि त्याच्या शेजारी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला. सरकार कैद्यावर जेवढे खर्च करीत होते, तेवढेही सामान्य रयतेच्या वाट्यास येत नव्हते. दोन आकडे शेजारी आले आणि त्यांतून साम्राज्यावरील आरोपपत्र तयार झाले. ते आकडे शेजारी ठेवावेत हे सुचणे, हीच खरी विद्या होय.

ही विद्या आपण वर्गात देतो काय? इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी मी माझाच अपराध सांगतो. अध्यापनाच्या पहिल्या दहा वर्षांत मी प्रत्येक प्रकरणाचा तयार तक्ता फळ्यावर लिहीत असे आणि विद्यार्थी तो उतरवून घेत. निकाल चांगला लागे, विद्यार्थी संतुष्ट असत, मीही असे. पुढे वह्या जाऊन गाइडे आली, मग फळ्याचे मोबाइलवर छायाचित्र घेण्याची रीत पडली. आता तर प्रकरणाचे नाव सांगितले की यंत्रच क्षणार्धात तक्ता रचून देते. साधन अधिकाधिक देखणे होत गेले आणि विद्यार्थ्याचा हात त्यापासून दूर सरकत गेला.

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी सांगितले, की घरी सोयाबीन विकले असेल तर बाजारसमितीतील विक्रीची पट्टी आणा आणि तीवरून घरच्या शेतीचा जमाखर्च स्वतः मांडा. रकाने कोणते असावेत हे मी सांगितले नाही. बियाणे, खत, फवारणी, मळणी, गाडीभाडे, हमाली, तोलाई असे रकाने बहुतेकांनी पाडले. एक विद्यार्थिनी मात्र अडून बसली. ती म्हणाली, “सर, आईची खुरपणी कुठं लिहू? तिला पैसे तर कुणी दिले नाहीत.” मी म्हणालो, “तूच ठरव.” तिने नवा रकाना पाडला, गावात खुरपणीला जो रोज चालतो तो धरला आणि आधी लिहिलेला नफ्याचा आकडा स्वतःच्या हाताने खोडला. अव्यक्त खर्च ही संकल्पना मी वर्षानुवर्षे व्याख्येसह लिहून देत आलो होतो. त्या दिवशी ती वर्गाला प्रथमच कळली. कृषी खर्च व मूल्य आयोग प्रत्यक्ष झालेला खर्च वेगळा मांडतो आणि त्यात कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य मिळवून दुसरा आकडा काढतो, हे त्यानंतर समजावून सांगावयास पाच मिनिटे पुरली.

शिक्षणशास्त्रातील संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास संकल्पनाचित्राची पद्धत काढली, ती मुलांच्या मनात विज्ञानाची समज कशी बदलते हे पाहण्यासाठी. पुढे पर्ड्यू विद्यापीठातील कार्पिक आणि ब्लंट यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा समोर ठेवून संकल्पनाचित्र काढणाऱ्यांपेक्षा, उतारा मिटून आठवेल ते लिहिणारे विद्यार्थी आठवड्यानंतरच्या चाचणीत सरस ठरले. त्याच दोघांनी २०१४ साली दाखविले, की चित्र जर पुस्तक मिटून काढले तर तेही तितकेच उपयोगी पडते. तात्पर्य, फळ मिळते ते आठविण्याच्या आणि जुळविण्याच्या श्रमाचे.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्तही आहेत. शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांचा वर्ग, सत्राचा अपुरा काळ आणि न संपणारा अभ्यासक्रम असताना प्रत्येकाचा तक्ता कोण पाहणार? शिवाय खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्याला तयार तक्ता हाच आधार असतो. हे मला मान्य आहे. आधार अवश्य द्यावा. पण तो हळूहळू काढून घ्यावा. पहिला तक्ता पूर्ण द्यावा, दुसऱ्यात दोन रकाने रिकामे ठेवावेत, तिसरा कोऱ्या कागदावर मांडू द्यावा. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे तक्ते तपासले तरी पुष्कळ साधते. याला खडू आणि पाठकोरा कागद यांपलीकडे खर्च नाही.

मात्र परीक्षा बदलल्यावाचून हे टिकणार नाही. ओळखीच्या आकृतीला गुण मिळत राहिले, तर विद्यार्थी ओळखीची आकृतीच काढील. प्रश्नपत्रिकेत न पाहिलेले आकडे द्यावेत, त्यांचे कोष्टक करावयास सांगावे आणि रकाने असेच का पाडले, याला गुण ठेवावेत. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना हे सहज करता येण्याजोगे आहे.

यात प्रश्न केवळ गुणांचा नाही. उद्या हीच मुले कर्जाचा करार वाचतील, पीकविम्याचा अर्ज भरतील, अंदाजपत्रकावरील भाषणे ऐकतील. तेथे दुसऱ्याने पाडलेले रकाने त्यांच्यापुढे येतील. त्यांत आईची खुरपणी धरली आहे की नाही, एवढे विचारण्याची सवय जर महाविद्यालयाने लावली नाही, तर आपण त्यांना नेमके काय शिकविले, याचा हिशेब आम्हा शिक्षकांनाही कधीतरी द्यावा लागेल.