पाण्याखालचे जाकीट

दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाऊन आलेला आपल्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी परवा स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रशिक्षकाचा हात धरून त्याने वीस मिनिटे पाण्याखाली काढली होती, मासे पाहिले होते, आणि आता रीतसर शिक्षण घेऊन पाणबुड्या व्हायचेच असा त्याचा निश्चय झाला होता. “सर, पहिल्यांदा जाकीटच घेतो. वीस किलो उचलणारे एक पाहून ठेवले आहे. जितके जास्त उचलेल तितके सुरक्षित, नाही का?”

उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून हा लेख. ‘जास्त उचलेल ते सुरक्षित’ हा समज एके काळी माझाही होता, आणि तो मला चांगलाच भोवला आहे.

या जाकिटाला पाणबुडे लोक ‘बीसीडी’ म्हणतात. जुने नाव ‘बॉयन्सी कॉम्पेन्सेटर’. आपण जाकीटच म्हणू. पाठीवर हवेचा सिलिंडर धरून ठेवणारे आणि आत हवा भरता-सोडता येईल अशी पिशवी असलेले हे वस्त्र आहे. दिसायला ते होडीतल्या लाइफ जॅकेटच्या कुळातले वाटते, पण दोघांचे काम अगदी वेगळे. लाइफ जॅकेट बुडणाऱ्याला वर ठेवते आणि त्याचे तोंड आकाशाकडे फिरवते. आपले जाकीट असे कोणतेही वचन देत नाही. त्याने माणसाला वर न्यायचे नसते आणि खालीही न्यायचे नसते. जिथे आहे तिथे अधांतरी ठेवायचे असते.

पुढच्या दोन परिच्छेदांत थोडे पदार्थविज्ञान आहे. कला शाखेच्या वाचकांनी पान उलटू नये. मीही कला शाखेचाच आहे, आणि हे मला समजले ते पाण्यात पडल्यावरच.

आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेत आपण सर्वांनीच घोकला आहे. आपण जितके पाणी बाजूला सारतो तितक्या पाण्याच्या वजनाएवढी उचल आपल्याला मिळते. समुद्राचे एक लिटर पाणी सुमारे 1.025 किलो भरते. उचल आणि वजन समसमान झाले की माणूस पाण्यात तरंगत नाही आणि बुडतही नाही, नुसता लोंबकळतो. पाणबुड्याला हवी असते ती हीच अवस्था. पण ती टिकत नाही, आणि त्याला कारणे दोन. पहिले म्हणजे अंगावरचा रबरी सूट. त्यात बारीक बारीक हवेचे बुडबुडे असतात. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्मे. 20 मीटरवर एक तृतीयांश. सूट चेपला जातो, उचल घटते, माणूस जड होतो. दुसरे कारण नेमके उलटे. हवेलाही वजन असते. 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने हवा भरली की आत सुमारे 2200 लिटर हवा कोंबलेली असते आणि ती अडीच किलोंहून थोडी अधिक भरते. ती श्वासाबरोबर बाहेर जाते, म्हणून डुबकीच्या शेवटी माणूस सुरुवातीपेक्षा जवळजवळ दोन किलोंनी हलका झालेला असतो. कधी जड, कधी हलके, हा सारा हिशेब जाकिटात हवा कमी-जास्त करून जुळवायचा असतो.

इथपर्यंत सोपे. खरी मेख पुढे आहे. जाकिटातली हवाही हवाच. माणूस चुकून दोन मीटर वर आला की ती प्रसरण पावते, उचल वाढते, त्यामुळे तो आणखी वर येतो, हवा आणखी फुगते. उताराला लागलेल्या बैलगाडीसारखी ही गत आहे, फक्त उतार वरच्या दिशेने. आणि सर्वांत मोठा फरक पडतो तो शेवटच्या 10 मीटरांत, कारण तिथे आकारमान थेट दुप्पट होते. वर येण्याचा वेग मिनिटाला सुमारे 9 मीटर ठेवावा आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबावे असे शिकवतात ते उगीच नाही. श्वास कोंडून झपाट्याने वर आलेल्या माणसाची फुप्फुसे फाटू शकतात.

आता माझी कथा. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेटाजवळ, कोणत्या ते सांगत नाही, मी भाड्याने घेतलेल्या सामानावर उतरलो होतो. जाकीट माझ्या मापापेक्षा दोन नंबर मोठे होते. “मोठे बरे, भरपूर उचलते,” असे देणारा म्हणाला आणि मला ते पटले. कमरेला नऊ किलो शिसे. आज त्याच सूटमध्ये मी चार किलोंवर उतरतो, यावरून त्या दिवशीचा अंदाज यावा. 14 मीटरवर मी पोटावर आडवा होऊन खडकातला एक मासा पाहत होतो. बुडतोय असे वाटले म्हणून हवेचे बटण दाबले, आणि ते दाबलेलेच राहिले. आदल्या कोणा गिऱ्हाइकानंतर जाकीट धुतले नसावे. मीठ सुकून बटण अडकले होते. सुस्कारा टाकावा तसा आवाज करीत जाकीट आपले आपणच फुगू लागले.

मी हवा सोडण्याची नळी उंच धरून दुसरे बटण दाबले. शिकवले होते ते तसेच. पण मी आडवा होतो, आणि हवा पाण्यात नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते. ती माझ्या पाठीवर जमली होती; खांद्याजवळच्या नळीपर्यंत ती येतच नव्हती. पाठीच्या खालच्या टोकाला हवा सोडण्याची एक झडप असते, तिची दोरी मी चाचपू लागलो. मोठे जाकीट अंगाभोवती फिरून गेले होते. दोरी जिथे असायला हवी तिथे माझा हात होता, दोरी नव्हती. मी वर चाललो होतो आणि माझ्याच बुडबुड्यांना गाठत होतो. तेवढ्यात प्रशिक्षकाने माझा पंखा पकडला, एका हाताने नळीची जोडणी तोडली आणि दुसऱ्याने ती दोरी ओढली. आम्ही थांबलो ते 4 मीटरांच्या आसपास. श्वास मी सोडत राहिलो होतो एवढेच त्यातले माझे कर्तृत्व. नंतर होडीवर चहा दिला, तो निम्मा माझ्या मांडीवर सांडला.

त्या दिवसापासून मी जाकीट पाहतो ते शेवटाकडून सुरुवातीकडे. यात हवा किती मावते हा प्रश्न नंतरचा. घाबरलेल्या माणसाला, कोणत्याही अवस्थेत, ती झटकन बाहेर काढता येते का, हा पहिला. सरळ उभे असताना चालणारी खांद्यावरची झडप बहुतेक जाकिटांना असते. आडवे असताना चालणारी कमरेमागची झडप आहे का, तिच्या दोरीला हाताला लागेल असा जाड गोळा आहे का, आणि डोळे मिटून तो सापडतो का, हे दुकानातच करून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

मग उचल किती हवी? हिशेब घरी बसून होतो. आपल्याकडच्या कोमट समुद्रात 3 मिलिमीटरचा सूट पुरतो. खोलीवर त्याची उचल दीड-दोन किलोंनी घटते. त्यात सिलिंडरमधल्या हवेचे अडीच किलो मिळवा. साडेचार झाले. पृष्ठभागावर डोके व खांदे पाण्याबाहेर ठेवायला आणखी काही किलो. शिवाय जाकीट अंगावरून काढून पाण्यात टाकले तरी भरल्या सिलिंडरसह आणि त्याच्या खिशांतल्या शिशासह ते तरंगले पाहिजे. हे सगळे धरूनही दहा-बारा किलो उचलणारे जाकीट आपल्या पाण्यात एका अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला पुरते. थंड देशांत 7 मिलिमीटरचा किंवा कोरडा सूट आणि पोलादी सिलिंडर वापरतात, तिथे जास्त लागते. परदेशातल्या नातेवाइकाने तिथून स्वस्तात पाठवलेले जाकीट म्हणूनच इथे बरेचदा अवजड ठरते.

पण हा हिशेब शिसे बरोबर असेल तरच बरोबर. पाच किलो शिसे जास्त घेतले की ते तोलायला जाकिटात पाच लिटर हवा सतत बाळगावी लागते. आणि 10 मीटरवरच्या पाच लिटरांचे वर येताना दहा होतात. म्हणजे जास्त उचलीची गरज बहुधा जास्त शिशातून जन्माला येते. म्हणून जाकिटाआधी आपले शिसे ठरवावे. सिलिंडर संपत आलेला असताना, जाकीट पूर्ण रिकामे करून, साधा श्वास धरून पाण्यात उभे राहावे. पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे आणि श्वास सोडला की सावकाश खाली जावे. भरल्या सिलिंडरवर हीच परीक्षा केली तर वर दोन किलो धरावेत.

प्रकारांबद्दल थोडक्यात सांगतो. कूस्तो आणि गान्याँ यांनी 1943 मध्ये आपले श्वसनयंत्र सिद्ध केले तेव्हा जाकीट नव्हतेच. तेव्हाचे पाणबुडे शिसे आणि फुप्फुसे यांवर तोल सांभाळीत. 1961 च्या सुमारास फ्रान्समध्ये मॉरिस फेंझी यांची गळ्यात घालायची पिशवी आली. तिला घोड्याच्या खोगिराचे नव्हे, गळपट्ट्याचे नाव पडले. 1971 मध्ये स्कूबाप्रो कंपनीने बाह्यांच्या भोकांसकट खरे जाकीट काढले आणि आजची बहुतेक भाड्याची जाकिटे त्याच घराण्यातली आहेत. पृष्ठभागावर ती माणसाला छान सरळ धरतात, पण फुगली की छाती-पोट आवळतात. दुसरा प्रकार फक्त पाठीवर फुगणारा. पाण्यात आडवे राहायला तो उत्तम. मात्र पृष्ठभागावर हवा जास्त भरली तर तोंड पुढे पाण्यात ढकलतो. थोडे मागे रेलून बसायची सवय लागली की ही तक्रार राहत नाही. तिसरा प्रकार फ्लोरिडातल्या जलमय गुहांत शिरणाऱ्यांनी रूढ केला. पाठीला धातूचा पत्रा, त्यावर एक फुगा आणि एका अखंड पट्ट्याचे बंध. पोलादी पत्रा अडीच-तीन किलोंचा असल्याने तेवढे शिसे कमरेवरून वाचते, आणि पट्टा कोणत्याही अंगाला जुळवता येतो. मी अखेर हाच घेतला. पण नवख्याला तो पहिल्या दिवशी रुक्ष वाटतो हे खरे. त्याला ना खिसे, ना गाद्या.

माप मात्र कोणत्याही प्रकारात सोडू नये. सूट अंगात घालूनच जाकीट चढवावे. पूर्ण फुगवून दीर्घ श्वास घेता येतो का पाहावे. मग सहकाऱ्याला खांद्याचे पट्टे धरून वर उचलायला सांगावे. जाकीट कानांपर्यंत सरकले तर ते पाण्यातही सरकणार. मुलींनी तर हे आवर्जून करावे. पुरुषांच्या मापाचे जाकीट त्यांना धडात लांब आणि छातीवर अडचणीचे होते. त्यांच्यासाठी वेगळ्या बेताची जाकिटे मिळतात, पण भाड्याच्या ढिगात ती क्वचितच असतात. शिशाचे खिसे जाकिटातच असतील तर ते एका झटक्यात सुटतात का आणि झटका न देता सुटत नाहीत ना, दोन्ही तपासावे. आपोआप गळून पडलेला खिसा म्हणजे पुन्हा माझीच कथा.

जुने जाकीट घ्यायला हरकत नाही. रात्री टम्म फुगवून ठेवावे, सकाळी तसेच असले पाहिजे. हलवून पाहावे, आत वाळू सरकल्यासारखा आवाज आला तर ते मिठाचे खडे आहेत. हवेचे बटण वीस-पंचवीस वेळा दाबून सोडावे आणि दर वेळी ते उसळून वर येते का ते बोटाला जाणवू द्यावे.

त्या विद्यार्थ्याला मी तूर्त मुखवटा घ्यायला सांगितले आहे, कारण चेहरा प्रत्येकाचा वेगळा आणि भाड्याचा मुखवटा गळतोच. जाकीट वीस-पंचवीस डुबक्यांनंतर. तोवर तीन-चार तऱ्हांची भाड्याची जाकिटे घालून पाहा आणि प्रत्येक वेळी उतरण्याआधी होडीवरच मागची दोरी तीनदा शोधून ओढ, असे त्याला बजावले आहे. आणि समुद्रातून आल्यावर आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन, अर्धवट फुगवून, सावलीत टांगायचे. भाड्याचे असले तरी. माझे गॅलरीत टांगलेले असते तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी दर वेळी विचारतात, “अहो, हे फुगतं कशानं?” आणि मी दर वेळी त्यांना ते रिकामे कसे करायचे ते दाखवतो.