शतावरीची मुळी: बाळंतिणीला उपयोग किती, जपायचे कुणी?

सातारा-सांगलीकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी आली की डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि शतावरी कल्पाचा डबा ठरलेलाच. शतावरीने दूध वाढते, ही समजूत पक्की आहे. ती कितपत खरी, ते पाहू.

शतावरी ही काटेरी वेल. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरउतारांवर ती रानात आढळते. जमिनीखाली पांढरट, लांबट मुळ्यांचा झुबका असतो, म्हणून तिला शतमुळी असेही म्हणतात. मुळ्या सोलून, वाळवून चूर्ण करतात. कुंडीत शोभेसाठी लावतात ती नाजूक पानांची जात वेगळी. तिच्या मुळ्या खाऊ नयेत.

आणखी एक गोंधळ हल्ली वारंवार दिसतो. 'अ‍ॅस्परॅगसमध्ये फॉलिक अ‍ॅसिड भरपूर' असे मोबाइलवर वाचून काही गरोदर मुली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सोडतात आणि शतावरी घेतात. भाजीचे अ‍ॅस्परॅगस त्याच कुळातले, पण वेगळे झाड आहे आणि त्याचे कोवळे कोंब खातात. मुळीच्या चूर्णातून ती गरज भागत नाही. पहिल्या महिन्यांत गोळी चुकली तर बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूत जन्मजात दोष राहण्याचा धोका वाढतो.

पोषणाचेही तसेच. दिवसाला ५ ग्रॅम चूर्ण घेतले आणि ते सगळे प्रथिनच असते, तरी ५ ग्रॅमच मिळाले असते. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. तेव्हा शतावरीकडे औषधी म्हणून बघा, खुराक म्हणून नव्हे.

मुळीत सॅपोनिन गटातील शतावरिन नावाची द्रव्ये असतात. दूध वाढण्याबाबतचे पुरावे मात्र उलटसुलट आहेत. १९९६ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये आलेल्या चाचणीत दूध कमी असलेल्या मातांना शतावरीयुक्त औषध देऊनही फरक पडला नाही. नंतरच्या एका छोट्या चाचणीत प्रोलॅक्टिन हे दुधाचे संप्रेरक वाढलेले दिसले. दूध खात्रीने वाढते ते बाळाला वारंवार, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा, नीट पाजल्याने. कल्प घेऊन बाळाला वरच्या दुधाची बाटली लावली तर अंगावरचे दूध उलट कमीच होते.

कल्पाच्या डब्यावरील घटक वाचा. त्यात बहुधा साखरच जास्त असते. गरोदरपणात साखर वाढलेल्या किंवा मधुमेही बाईने तो टाळावा. मधुमेहाची औषधे चालू असतील तर नुसते चूर्णही विचारूनच घ्यावे. मुळीला इस्ट्रोजेनसारखा थोडा परिणाम असू शकतो, म्हणून स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी ती घेऊ नये. लघवी वाढवण्याचा गुण तिला जोडला जातो, त्यामुळे लिथियम घेणाऱ्यांनीही टाळावी. गरोदरपणात स्वतःच्या मनाने नको: उंदरांवरील एका अभ्यासात मुळीच्या अर्काने गर्भाला इजा झाली होती. माणसांत तसेच होईल असे यातून ठरत नाही, पण डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारायला ते पुरेसे कारण आहे.

बाळंतिणीच्या आईने कल्पाच्या चमच्यांपेक्षा बाळाच्या लंगोटांचा हिशेब ठेवावा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी, पाजताना सतत झोपून जाणे, दोन आठवड्यांतही जन्मावेळचे वजन न गाठणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.