पुरात भिजलेल्या मोटारसायकलची टाकी सुरक्षितपणे कशी रिकामी करावी

कुंडलिका फुगली की रोहा-अष्टमीच्या सखल भागात, आणि भोगावतीला पूर आला की पेणच्या नदीकाठच्या वस्तीत दारातल्या गाड्या पाण्यात उभ्या राहतात. पाणी ओसरलं की आधी किक मारून बघावीशी वाटते. तेवढं मात्र आपण करू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. चार-पाचशेचं काम मग कित्येक हजारांवर जातं.

आधी गाडी कोणती ते पाहावं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे टाकीतल्या पंपाने दाबाखाली पेट्रोल पुरवणाऱ्या आहेत. त्यांचा पाइप घरी ओढून काढला तर पेट्रोलची चिळकांडी उडते. अशी गाडी टेम्पोत घालून सरळ गॅरेजला न्यावी. पुढची कृती आहे ती टाकीखाली कॉक असलेल्या जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीसाठी.

जागा निवडावी. गाडी अंगणात, उघड्यावर घ्यावी. पडवीत किंवा बंद शेडमध्ये हे काम नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते आणि उंबऱ्याच्या आतल्या देवघरातल्या दिव्यापर्यंत किंवा शेगडीपर्यंत पोचते. गाडी गार झालेली असावी. विडी-सिगारेट आणि मोबाइल लांब ठेवावेत. हाताशी बादलीभर कोरडी वाळू असावी, कारण पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेट्रोल त्यावर तरंगतं आणि आग पसरते.

बॅटरी तोडावी. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढावी. हे काम टाकी उघडण्याआधी करायचं, कारण वायर सुटताना ठिणगी पडू शकते.

भांडं धातूचं घ्यावं. इथे सर्रास चूक होते ती प्लॅस्टिकच्या बादलीची. पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते आणि प्लॅस्टिकमध्ये तिला जमिनीत जायला वाट मिळत नाही. झाकणाचा पत्र्याचा डबा थेट जमिनीवर ठेवावा. डबा आणि टाकीचा रंग नसलेला धातू एका तांब्याच्या तारेने जोडून घ्यावा. पाइपचं टोक डब्याच्या तळाला टेकवावं, म्हणजे पेट्रोल उंचावरून शिंतोडे उडवत पडणार नाही.

आता कॉक. कॉक बंद करून कार्बोरेटरकडचा रबरी पाइप क्लिप दाबून काढावा, डब्यात सोडावा आणि कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवावा. ‘ऑन’वर ठेवला तर पेट्रोलची धार मधेच थांबते आणि टाकी रिकामी झाली असं वाटतं, पण तळाचं पेट्रोल, आणि त्याखालचं पाणी, आतच असतं. तोंडाने ओढून पेट्रोल कधीच काढू नये. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. चुकून पोटात गेलं तर ओकारी काढू नये, लगेच दवाखाना गाठावा.

दुसरी बाजू विसरू नये. टाकी चासीवर खोगिरासारखी बसते. तिच्या दोन्ही बाजू खाली उतरतात आणि कॉक एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूच्या पोटात उरलेलं पाणी कॉकमधून कधीच येत नाही. म्हणून धार थांबल्यावर टाकीचे बोल्ट काढावेत, इंधन-काट्याची वायर सोडवावी, आणि दोघांनी टाकी उचलून झाकणाच्या तोंडातून उरलंसुरलं डब्यात ओतावं.

बाटलीत पाहावं. शेवटी निघालेलं थोडं इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावं. पाणी खाली बसतं आणि मधे स्पष्ट रेघ दिसते. विमानवाल्यांची ही रोजची सवय आहे. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानात उड्डाणाआधी टाकीच्या सर्वांत खालच्या जागेतून थोडं इंधन काढून असंच तपासतात. यात एक फसगत होते: बाटलीत नुसतं पाणीच आलं असेल तर रेघ दिसतच नाही. शंका आली तर वरून थोडं ताजं पेट्रोल घालावं.

ते पेट्रोल परत वापरू नये. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि दोन्ही मिळून खाली बसतात. म्हणून वरचं स्वच्छ दिसणारं पेट्रोलही मूळ प्रतीचं राहत नाही. फडक्यातून गाळून ते सुधारत नाही.

कार्बोरेटर रिकामा करावा. त्याच्या तळाच्या वाटीला एक छोटा स्क्रू असतो. खाली डबा धरून तो सैल करावा आणि वाटीतलं पाणी काढावं. इंजिन ऑइलची कांडी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसलं तर इंजिनातही पाणी आहे. गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवावं.

विल्हेवाट. काढलेलं पेट्रोल गटारात, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. चूल पेटवायलाही घेऊ नये. डबा घट्ट बंद करून त्यावर ‘खराब पेट्रोल’ असं लिहावं आणि गॅरेजमध्ये विचारून तिथे द्यावा.

पुढच्या वर्षासाठी. टाकीत पाणी जायला पूरच यावा लागतो असं नाही. झाकणाभोवतीच्या खोबणीत एक बारीक भोक असतं. पडलेला पाऊस त्यातून नळीवाटे खाली जातो. ते मातीने बुजलं की पाणी खोबणीत साचतं आणि झाकणाच्या जुन्या रबरातून आत झिरपतं. मृग लागण्याआधी त्या भोकात बारीक तार फिरवावी आणि रबर कडक झालं असेल तर बदलून घ्यावं.