दाखल्यावरील तारीख आणि संगणकाची संकेताक्षरे

शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड आणि दाखल-खारीज रजिस्टराचा उतारा ही पत्रे पूर्वी हाताने लिहिली जात. आता अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ शाळांत ती संगणकावर छापली जातात. विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये, दाखल्याचा नमुना वर्डमध्ये आणि दोहोंची सांगड घालणारी मेल मर्ज ही सोय, अशी ही व्यवस्था होय.

नमुन्यात जेथे विद्यार्थ्याचे नाव यावयाचे, तेथे नाव न लिहिता केवळ एक खूण ठेवतात. बीजगणितातील ‘क्ष’ प्रमाणेच ती समजावी. यादीतील ओळ बदलली की ‘क्ष’ची किंमत बदलते. नाव, आईचे नाव, जन्मगाव ही अक्षरे असल्यामुळे जशीच्या तशी उतरतात. तारखेचे मात्र तसे नाही.

एक्सेल तारीख साठवते ती एका संख्येच्या रूपाने. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला, तर १ जून २०१५ ही त्याच्या लेखी ४२१५६ ही संख्या होते. (हिशेब करून पाहणाऱ्यास एक दिवस अधिक आढळेल, १९०० हे वर्ष एक्सेल लीप वर्ष धरते.) म्हणून वाक्याला तारीख नुसती जोडल्यास ‘जन्मतारीख ४२१५६’ असे छापून येते. ती संख्या कोणत्या रूपात दाखवावी हे संकेताक्षरांनी सांगावे लागते. दिवसाकरिता डी दोनदा, महिन्याकरिता एम दोनदा, वर्षाकरिता वाय चारदा. एक्सेलच्या टेक्स्ट या सूत्रात ही अक्षरे अवतरणचिन्हांत लिहावीत.

वर्डमध्ये महिन्याचा एम मोठ्या लिपीतीलच हवा. लहान एम म्हणजे तेथे मिनिटे; तो पडल्यास प्रत्येक दाखल्यावर १५/००/२०१५ अशी तारीख येईल. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक अधिक घातक. मेल मर्जमध्ये तारीख पुष्कळदा अमेरिकन रीतीने, म्हणजे महिना आधी व दिवस नंतर, अशी उतरते. ५ जूनचा ०६/०५ झाला, की आपल्याकडील वाचणारा तो ६ मे असेच वाचणार. वर्षातील १३२ तारखा अशा आहेत, की दिवस व महिना यांची अदलाबदल होऊनही त्या खऱ्याच भासतात. शाळा सोडल्यानंतर जन्मतारखेची दुरुस्ती करवून घेणे पालकांस किती जड जाते, हे मुख्याध्यापकांस सांगावयास नको. एक्सेलमध्येच टेक्स्ट सूत्राने तारखेचा स्वतंत्र रकाना करून तोच नमुन्यास जोडणे, हा उपाय मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

जुन्या नोंदींची गोष्ट आणखी नाजूक आहे. जातपडताळणीकरिता अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, तर इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारला जातो, आणि तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शालेय नोंदीतच सापडतो. रजिस्टरात ‘४/७/२५’ असे असेल व आपण तसेच टंकिले, तर एक्सेल त्याचे २०२५ करते. नेहमीच्या मांडणीत लहान आकडे चालू शतकाचे, मोठे आकडे मागील शतकाचे असा त्याचा संकेत आहे. वाय दोनदाच दिला असल्यास उताऱ्यावर पुन्हा ‘२५’ एवढेच दिसेल व चूक झाकली जाईल. म्हणून वर्ष चार अंकी टंकावे व चार अंकीच दाखवावे. १९०० पूर्वीची नोंद एक्सेल तारीख म्हणून स्वीकारीतच नाही. ती अक्षरे म्हणून उतरवावी.

जन्मतारीख अक्षरी लिहिण्याचा रकाना अंकांवरून आपोआप भरून देणारी सूत्रे काही उत्साही शिक्षक वापरतात. माझ्या मते ती वापरू नयेत. अंकांतील चूक अक्षरांत तशीच उतरली, तर दाखल्यावर तिला पकडणारे काहीच उरत नाही. हा रकाना रजिस्टर समोर ठेवून हातानेच टंकावा, आणि सहीपूर्वी एकाने रजिस्टर मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने छापील प्रत तपासावी.