हेरिफर्डचें साखळबंद ग्रंथालय व तेथील जगाचा नकाशा

गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत आप्तांच्या आग्रहावरून इंग्लंडांत कांहीं आठवडे राहण्याचा योग आम्हांस आला. सुटीसाठीं तिकडे जाणारे आपल्याकडील लोक बहुधा लंडनचें ब्रिटिश म्यूझियम पाहतात आणि त्यावर समाधान मानतात. तें म्यूझियम पाहण्यासारखें आहे यांत शंका नाहीं. परंतु जुन्या कागदपत्रांचा ज्यास नाद आहे त्यानें दोन दिवस तरी लंडनबाहेरील जुन्या चर्चांसाठीं राखून ठेवावे, असें आमचें मत झालें आहे. म्यूझियमांतील वस्तु आपल्या जागेवरून उठवून आणलेल्या असतात. चर्चांत कित्येक ग्रंथ ज्या छपराखालीं आठशें-नऊशें वर्षांपूर्वीं आले तेथेंच आजहि आहेत. या फरकाचें महत्त्व आम्हांस ज्या ठिकाणीं पटलें त्या हेरिफर्डच्या ग्रंथसंग्रहाची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

हेरिफर्ड हें वेल्सच्या सीमेनजीक वाय नदीच्या कांठीं वसलेलें लहानसें शहर आहे. लंडनहून आगगाडीनें तीन तासांच्या सुमारास तेथें पोंचतां येतें. तेथील कॅथीड्रल, म्हणजे बिशपाचें पीठ असलेलें मुख्य चर्च, हें येशूची माता मेरी व एथेलबर्ट राजा या दोघांच्या नांवानें आहे. हा एथेलबर्ट इ. स. ७९४ मध्यें मारला गेला व पुढें संत म्हणून पूजिला जाऊं लागला. इमारतीचा पश्चिमेकडील मनोरा १७८६ सालीं कोसळला, त्यामुळें आज दिसणारी पश्चिमेची बाजू मागाहूनची आहे. वास्तुशिल्पाविषयीं अधिकारानें लिहिण्याची आमची योग्यता नाहीं, म्हणून थेट ग्रंथांकडे वळतों.

तेथील सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे आठव्या शतकांत चर्मपत्रावर लिहिलेली लॅटिन शुभवर्तमानांची पोथी. १०५५ मध्यें वेल्समधून आलेल्या फौजेनें हें चर्च लुटून जाळलें, त्यांतून वांचलेली ही एवढीच पोथी असें मानतात. पण आम्हांस तिच्या प्राचीनत्वापेक्षां तिच्या शेवटच्या कोऱ्या जागेंत मागाहून लिहिलेला मजकूर अधिक मोलाचा वाटला. तो लॅटिन नसून जुन्या इंग्रजींत आहे, आणि त्याचा शुभवर्तमानाशीं कांहीं संबंध नाहीं. क्नूट राजाच्या कारकीर्दींत (१०१६–१०३५) जिल्ह्याची सभा बिशप एथेलस्तान व इतर मातबर मंडळी यांच्या समक्ष भरली. तींत एड्विन नांवाच्या इसमानें जमिनीच्या एका तुकड्याबद्दल स्वतःच्या आईवर दावा मांडला. आई सभेंत हजर नव्हती, म्हणून तिची बाजू समजून घेण्यास तिघे इसम तिच्या घरीं गेले. मुलाचा दावा ऐकून ती संतापली. तिनें आपली नातलग लेओफ्लेड हिला बोलावून जमीन, सोनें, वस्त्रें सारें तिला दिलें, व मुलाला कांहीं नाहीं असें त्या तिघांस साक्षी ठेवून सांगितलें. सभेनें तें मान्य केलें. मग लेओफ्लेडचा नवरा थर्किल घोड्यावर बसून एथेलबर्टच्या चर्चांत आला व सर्वांच्या संमतीनें हा निकाल या पोथींत लिहवून घेता झाला.

आपल्या गोतसभा व महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांस हा प्रकार परका वाटूं नये. सभेस बसलेल्यांची नांवनिशी, वादी-प्रतिवादींचें म्हणणें, निर्णय, आणि शेवटीं तो देवाच्या पायांशीं ठेवण्याची खटपट हें सर्व येथें आहे. पवित्र ग्रंथांतील नोंद कोणी फाडणार नाहीं, ही थर्किलची अटकळ खरी ठरली. त्याची जमीन कोठें गेली कोण जाणे, परंतु त्याचा कागद हजार वर्षें टिकला!

येथें आमचा एक जुना अपराध सांगणें भाग आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं एका भिक्षुक घराण्याच्या दप्तरांतून अमरकोशाची एक पोथी आमच्या हातीं आली. तिच्या शेवटच्या तीन पानांवर मोडींत दाण्याचें देणें, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या असा कांहीं मजकूर होता. संस्कृत शिकल्याच्या तोऱ्यांत आम्हीं तीं पानें ‘ग्रंथबाह्य’ म्हणून वेगळीं काढलीं व तीं पुढें गहाळ झालीं. अमरकोशाच्या पोथ्या शेंकड्यांनीं मिळतात, त्या पाळ्यांची नोंद मात्र दुसरीकडे कोठेंहि असणें शक्य नाहीं. ती पोथी कोणत्या गांवची हेंहि आज आम्हांस सांगतां येत नाहीं. हेरिफर्डची पोथी पाहतांना आम्हांस प्रथम याची आठवण झाली.

आतां ग्रंथालयाविषयीं. येथें सुमारें दीड हजार ग्रंथ साखळ्यांनीं बांधलेले आहेत, व त्यांपैकीं २२९ मध्ययुगीन हस्तलिखितें आहेत. आजचीं कपाटें १६११ सालीं टॉमस थॉर्नटन यानें करविलीं. ग्रंथाला साखळी म्हटली कीं आपल्या मनांत कैद्याचें चित्र उभें राहतें, परंतु प्रत्यक्ष व्यवस्था मोठी सोयीची आहे. साखळीचें एक टोंक पुस्तकाच्या वरच्या फळीच्या पुढील कडेस जडविलेलें असतें, पाठीस नव्हे. दुसऱ्या टोंकाच्या कडींतून फळ्याच्या लांबीची एक लोखंडी सळई ओंवलेली असते, आणि त्या सळईस कपाटाच्या शेवटीं कुलूप असतें. साखळीच्या मध्यभागीं फिरती कडी असल्यामुळें पीळ पडत नाहीं. पुस्तकें आपण ठेवतों त्याच्या उलट, म्हणजे पानांची बाजू बाहेर व पाठ आंत अशीं उभीं असतात. त्यामुळें पुस्तक काढून खालच्या उतरत्या मेजावर उघडतांना तें उलटें फिरवावें लागत नाहीं व शेजारच्या साखळ्यांत गुंता होत नाहीं. पाठ आंत गेल्यानें नांव दिसत नाहीं, ही अडचण प्रत्येक कपाटाच्या टोंकाशीं चौकटींत यादी लावून दूर केली आहे. एक नवें पुस्तक आणावयाचें तर सळई काढून सर्व कड्या पुन्हां ओंवाव्या लागत. ग्रंथ विकत घेण्यास हा मोठाच अंकुश असला पाहिजे, व आमच्यासारख्यांच्या घरीं तो असता तर बरें झालें असतें, असें घरांतील मंडळी म्हणतील.

१८४१ मध्यें ग्रंथालयाची मूळची जागा सुटली तेव्हां कपाटें विस्कळीत झालीं होतीं. तीं पुन्हां पूर्वीच्या रीतीनें उभीं करण्याचें श्रेय तेथील कॅनन स्ट्रीटर यांस आहे. १९३० मध्यें त्यांच्या शोधानुसार जुळणी झाली, व १९३१ मध्यें त्यांचा साखळबंद ग्रंथालयांवरील ग्रंथ निघाला. साधु सुंदरसिंग यांच्यावरील १९२१ सालच्या इंग्रजी पुस्तकाचे अप्पासामींसह लेखक ते हेच. याच संग्रहांत विक्लिफच्या परंपरेंतील एक इंग्रजी बायबल आहे, त्यांत मद्य या अर्थीं सफरचंदाच्या दारूचा ‘सायडर’ हा शब्द आला असल्यानें त्यास सायडर बायबल म्हणतात. हा परगणा सफरचंदाच्या दारूसाठीं आजहि प्रसिद्ध आहे.

आतां ज्यासाठीं जगभरचे लोक हेरिफर्डास येतात तो नकाशा. इ. स. १३०० च्या सुमारास एकाच वासराच्या कातड्यावर तो काढला आहे. उंची १.५९ मीटर, रुंदी १.३४ मीटर. त्यावर सुमारें ४२० नगरें व गांवें, शिवाय पशु, पक्षी, वनस्पति, मानव व पुराणकथा यांचीं चित्रें आहेत. पूर्व दिशा वर आहे. मध्यभागीं जेरुसलेम, आणि तेथें वर्तुळ काढतांना कंपासाचें टोंक रुतल्याचें छिद्र अद्याप दिसतें. सोन्याच्या अक्षरांत लिहिलेलीं युरोप व आफ्रिका हीं नांवें परस्परांच्या जागीं पडलीं आहेत. एवढ्या मोलाच्या कामांतहि लेखनिक चुकला, हें वाचून पोथ्या ताडून पाहणाऱ्यांस थोडें समाधान वाटेल. कोपऱ्यांत नकाशाचा कर्ता हॅल्डिंगहॅम व लॅफर्डचा रिचर्ड आपलें नांव सांगतो, आणि ही कृति ऐकणाऱ्या, वाचणाऱ्या, पाहणाऱ्या सर्वांनीं आपल्यासाठीं येशूची करुणा भाकावी अशी विनंति करतो. आपल्या लिपिकारांच्या पुष्पिकांचाच हा सूर आहे.

मध्यभागीं पुण्यक्षेत्र ठेवून दिशादिशांस देश मांडण्याची ही कल्पना वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील कूर्मविभागाची आठवण करून देते. तेथें मध्यदेश मध्यें व आठ दिशांस इतर देश आहेत. परंतु एवढ्यावरून दोहोंचा संबंध जोडणें धाडसाचें होईल. आपला गांव मध्यें धरून जग मोजणें हा मनुष्याचा सार्वत्रिक स्वभाव आहे.

एका चित्राची गोष्ट मात्र निराळी. नकाशाच्या वरच्या भागांत हिंदुस्थान आहे. तेथें पाठीवर बुरुज घेतलेला हत्ती आहे, सिंधु व गंगा आहेत, आणि एक पाय असलेला मनुष्य आपलें प्रचंड पाऊल छत्रीसारखें डोक्यावर धरून सावलींत पडला आहे. उत्तरेकडील भागांत स्वतःच्या कानांनीं अंग झांकणारे लोकहि आहेत. हें पाहून आम्ही चकित झालों, कारण हे आपले जुने ओळखीचे लोक होत. महाभारताच्या सभापर्वांत सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयांत एकपाद व कर्णप्रावरण हे दोन्ही येतात. बृहत्संहितेंतहि एकचरण आहेत.

येथें केवळ साम्य नाहीं, मधले दुवे सांगतां येतात. क्टेसियस हा ग्रीक वैद्य ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या दरबारीं होता. त्यानें हिंदुस्थानाविषयीं ऐकीव गोष्टी लिहिल्या. पुढें चंद्रगुप्ताच्या दरबारीं राहिलेल्या मेगास्थेनीसनें कानांत निजणाऱ्या लोकांची कथा नोंदली. दोघांचे ग्रंथ लुप्त झाले, पण त्यांतील उतारे पुढील लेखकांत राहिले. एकपादांची गोष्ट क्टेसियसच्या नांवानें प्लिनीनें पहिल्या शतकांत दिली, प्लिनीवरून सोलिनसनें घेतली, व सोलिनस हा हेरिफर्डच्या नकाशाचा एक आधार आहे. म्हणजे आपल्याकडे प्रचलित असलेली एक कल्पना इराण, ग्रीस, रोम असा प्रवास करीत सुमारें सतराशें वर्षांनीं इंग्लंडांतील कातड्यावर उतरली. सावली धरण्याचा तपशील वाटेंत जोडला गेला कीं मूळचाच, हा प्रश्न आमच्या मतें अद्याप मोकळा आहे.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या किलपेक या खेड्यांत मिळालें. तेथील लहानशा चर्चावर बाराव्या शतकांतील उत्तम कोरीव काम आहे, व छपराखालील दगडांत विवृतयोनि स्त्रीची एक मूर्ति आहे. आमच्या बरोबरच्या एका तरुणानें लगेच लज्जागौरीचें नांव घेतलें. चित्र पाहिल्यास मोह होतो खरा. परंतु एकपादाच्या बाबतींत जसे ग्रंथांचे दुवे आहेत तसा एकहि दुवा येथें आम्हांस ठाऊक नाहीं. तो सांपडेपर्यंत दोन मूर्ति दोन ठिकाणीं असूं द्याव्या.

आतां मुख्य गोष्ट. १९८८ सालीं या कॅथीड्रलच्या चालकांनीं हा नकाशा लिलावांत विकण्याचें ठरविलें. इमारतीच्या दुरुस्तीस व चालू खर्चास पैसा अपुरा पडत होता, आणि घरांत एवढा मोलाचा ठेवा भिंतीवर टांगलेला होता. देशभर ओरड झाली. त्या चालकांस आम्ही दोष देऊं शकत नाहीं. गळकें छप्पर व ओल्या भिंती ज्यानें पाहिल्या नाहींत त्यानेंच तो द्यावा. आपल्याकडील किती वाड्यांतील रुमाल याच कारणानें बाहेर पडले हें संग्राहकांस ठाऊक आहे, आणि आपणांपैकीं पुष्कळांचे संग्रह त्यावरच उभे आहेत, हेंहि मान्य केलें पाहिजे. हेरिफर्डास फरक पडला तो येवढाच कीं विक्री होण्यापूर्वीं मार्ग निघाला. सरकारी वारसा निधि व जॉन पॉल गेटी या धनिकाची देणगी यांच्या साह्यानें एक विश्वस्त निधि उभा राहिला, नकाशा त्याच्या हवालीं झाला, आणि चर्चाला लागूनच दगडी इमारत बांधून १९९६ मध्यें नकाशा व साखळबंद ग्रंथालय तेथें एकत्र ठेवण्यांत आलें. २००७ मध्यें युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदींत नकाशाचा समावेश झाला. तो दुसऱ्या देशीं गेला असता तरी चित्र तेंच राहिलें असतें. परंतु ज्या संग्रहांत थर्किलचा कागद आहे त्याच छपराखालीं तो आहे, व एकाचा पुरावा दुसऱ्यास उपयोगी पडतो, ही गोष्ट तुटली असती.

जाणाऱ्यांसाठीं थोडी सूचना. चर्चांत प्रवेशास मनाई नाहीं, मात्र नकाशा व ग्रंथालय पाहण्यास तिकीट पडतें. शुभवर्तमानाची पोथी नेहमींच मांडलेली असते असें नाहीं. हस्तलिखित अभ्यासासाठीं पाहावयाचें असल्यास आधीं पत्र लिहून वेळ ठरवावी. बॅनिस्टरची १९२७ ची हस्तलिखितांची यादी, व तिला जोडलेली एम. आर. जेम्स यांची प्रस्तावना, अगोदर चाळून जावी. नंतर १९९३ सालीं नवी यादीहि झाली आहे.

वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं पोथ्यांच्या कोऱ्या पानांवर, पुठ्ठ्यांवर किंवा वेष्टणांवर देणेंघेणें, वाटणी, पाणी, जन्ममृत्यु अशा नोंदी असतील त्यांनीं त्यांच्या नकला, पोथीचें नांव व गांव यांसह, मंडळाकडे पाठवाव्या. आमच्याजवळ अशा एकतीस नोंदी जमल्या असून त्यांची यादी करण्याचें काम चालूं आहे.